फोनवर किल्लीचं चिन्ह कायम दिसतंय: व्हीपीएन अ‍ॅपला कोणत्या परवानग्या ठेवायच्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत नोकरीला आहेत, फोन सॅमसंगचा. त्यात ऑफिसचं एक व्हीपीएन (फोनची इंटरनेटवरची ये-जा दुसऱ्याच्या सर्व्हरमधून नेणारं अ‍ॅप) आहे आणि मुलानं क्रिकेट बघायला टाकलेलं फुकटातलं दुसरं. वरच्या पट्टीत किल्लीचं चिन्ह, म्हणजे व्हीपीएन चालू असल्याची खूण, सारखं दिसतं, बँकेचं अ‍ॅप अधूनमधून उघडत नाही, ऑफिसचं कनेक्शन मध्येच तुटतं. फुकटातलं अ‍ॅप लोकेशन, कॉन्टॅक्ट्स आणि फोन या परवानग्या मागतंय. तेच अ‍ॅप पत्नीच्या आयफोनवरही आहे. यातलं काय चालू ठेवायचं आणि काय बंद करायचं?

कॉन्टॅक्ट्स आणि फोन आत्ताच बंद करा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. लोकेशनचं उत्तर थोडं लांब आहे, ते पुढं येईल. पण तुम्ही ज्या यादीत बघताय, त्या यादीत सगळ्यात मोठी परवानगी दिसतच नाही. अ‍ॅप पहिल्यांदा जोडताना एक चौकट आली असेल: हे अ‍ॅप व्हीपीएन कनेक्शन सुरू करू इच्छिते, त्यामुळे त्याला नेटवर्कवरची ये-जा बघता येईल, विश्वास असेल तरच स्वीकारा. तिथं मुलानं ‘ओके’ दाबलं, तेव्हाच खरा निर्णय झाला. त्या एका ‘ओके’नं फोनमधल्या जवळपास सगळ्या अ‍ॅपचं इंटरनेट त्या कंपनीच्या हातातून जायला लागलं. ते तसंच ठेवून नुसते कॉन्टॅक्ट्स बंद करणं म्हणजे घरातल्या सगळ्या कपाटांना कुलपं लावायची आणि येणारी-जाणारी पत्रं मात्र अनोळखी माणसाच्या हातात द्यायची. म्हणून आधी ते अ‍ॅप मध्ये बसण्याच्या लायकीचं आहे का ते ठरवा. बाकीच्या परवानग्या त्यानंतर.

मध्ये बसलेल्याला नेमकं काय दिसतं? बँकेचा पासवर्ड किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर दिसत नाही, तो वेगळा एन्क्रिप्ट झालेला, म्हणजे मधल्याला वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात असतो. पण कोणत्या साइटशी, कोणत्या अ‍ॅपच्या सर्व्हरशी, किती वाजता आणि किती डेटा गेला हे दिसू शकतं. दवाखान्याची अपॉइंटमेंट, कर्जाची चौकशी, नोकरीची साइट यांची नावंच पुरेशी बोलकी असतात. व्हीपीएन नसताना हेच तुमच्या मोबाइल कंपनीला किंवा गल्लीतल्या केबल-नेटवाल्याला दिसत असतं. व्हीपीएन ही माहिती नाहीशी करत नाही, दुसऱ्याकडं सोपवतं. तो दुसरा कोण, एवढाच मुद्दा.

आता शोध घ्या. सॅमसंगमध्ये सेटिंग्ज, कनेक्शन्स, मोअर कनेक्शन सेटिंग्ज, व्हीपीएन असं जा. पिक्सेल किंवा मोटोरोलासारख्या साध्या अँड्रॉइडवर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, व्हीपीएन. शाओमी, रेडमीवर बहुतेक कनेक्शन अँड शेअरिंगखाली सापडतं. विवो, ओप्पो, रियलमीवर मेन्यू दर अपडेटला हलतो, तिथं सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘व्हीपीएन’ टाइप करणं सगळ्यात सोपं. या पानावर आजवर ज्यांना ज्यांना तो ‘ओके’ मिळालाय त्या सगळ्यांची नावं दिसतात आणि चालू असलेल्याच्या खाली ‘कनेक्टेड’ लिहिलेलं असतं. तुम्हाला आठवतही नसलेलं एखादं जुनं नाव इथं निघण्याची शक्यता बरीच आहे. एक लक्षात ठेवा, जाहिराती अडवणारी किंवा फायरवॉलची काही अ‍ॅपही हीच व्यवस्था वापरतात. ती डेटा बाहेर कुठं न पाठवता फोनमध्येच गाळतात, पण किल्ली तीच दिसते. त्यामुळे किल्ली दिसली म्हणून घाबरू नका, नाव बघा.

अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं. मुलाचं अ‍ॅप आपोआप जोडलं गेलं की ऑफिसचं गळून पडतं. तुमचं ऑफिसचं कनेक्शन मध्येच का तुटतं, याचं उत्तर जवळजवळ नक्की हेच. अपवाद वर्क प्रोफाइलचा: ऑफिसच्या अ‍ॅपवर छोट्या बॅगेचं चिन्ह असेल तर त्यांचं व्हीपीएन वेगळ्या कप्प्यात चालतं आणि घरच्या अ‍ॅपला त्याचा अडथळा होत नाही.

ऑफिसच्या व्हीपीएनला तुम्ही स्वतः हात लावू नका. त्याच्या परवानग्या, प्रमाणपत्र, प्रोफाइल हे कंपनीच्या आयटी विभागानं ठरवलेलं असतं. एखादी गोष्ट काढली की दुसऱ्या दिवशी लॉगिन होत नाही. त्यांना एवढंच विचारा: या व्हीपीएनमधून माझी सगळी ये-जा जाते, की फक्त कंपनीच्या सर्व्हरची? उत्तर ‘सगळी’ असेल तर काम संपल्यावर ते डिस्कनेक्ट करायची सवय लावा, नाहीतर संध्याकाळी रंकाळ्यावर बसून बघितलेलं सगळं कंपनीच्या नोंदीत जाऊ शकतं.

फुकटातल्या अ‍ॅपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: काढून टाका. सर्व्हर आणि बँडविड्थ (डेटा वाहून नेण्याची क्षमता) यांना रोजचा खर्च येतो आणि तो कोणीतरी भरतच असतं. नामांकित कंपन्या आपल्या पैसेवाल्या ग्राहकांच्या जिवावर मर्यादित फुकट सेवा देतात, ते समजण्यासारखं आहे. पण ज्या अ‍ॅपला पैसे देऊन घ्यायची सोयच नाही, ज्याच्या कंपनीचा पत्ता सापडत नाही, त्याचं उत्पन्न जाहिराती आणि तुमच्या माहितीतून येतं असं धरून चाला. २०१५ मध्ये उघड झालं की होला हे फुकट व्हीपीएन आपल्या वापरकर्त्यांचीच बँडविड्थ लुमिनाटी या सेवेमार्फत विकत होतं. फेसबुकनं २०१३ मध्ये विकत घेतलेलं ओनावो हे ‘डेटा सुरक्षित ठेवणारं’ व्हीपीएन लोक इतर कोणती अ‍ॅप वापरतात याची माहिती गोळा करत होतं. २०१८ मध्ये ते अ‍ॅपलच्या स्टोअरवरून हटलं आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयानं मेटाच्या (फेसबुकच्या मालक कंपनीच्या) दोन उपकंपन्यांना त्यासाठी २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. २०१६ मध्ये सीएसआयआरओ या ऑस्ट्रेलियातल्या सरकारी संशोधन संस्थेच्या आणि काही विद्यापीठांच्या संशोधकांनी अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन अ‍ॅप तपासली, तेव्हा ७५ टक्क्यांत बाहेरच्या कंपन्यांच्या ट्रॅकिंग लायब्ररी (वापरकर्त्याचा माग काढणारे तयार कोडचे तुकडे) निघाल्या आणि १८ टक्के अ‍ॅप एन्क्रिप्शनच करत नव्हती. आकडे जुने आहेत, पण कमाईची पद्धत बदललेली नाही.

क्रिकेटसाठीचं अ‍ॅप प्ले स्टोअरवरून न घेता टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एपीके फाइलमधून टाकलं असेल, तर परवानग्यांची चर्चा करण्यात अर्थ नाही. आधी काढा, मग प्ले स्टोअरमधल्या प्ले प्रोटेक्ट या सुरक्षा-तपासणीचं स्कॅन करा. अँड्रॉइड १३ पासून अशा बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपला अ‍ॅक्सेसिबिलिटीसारखा अधिकार सहज मिळत नाही, फोन ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ म्हणून अडवतो. एखादा व्हिडिओ तुम्हाला अ‍ॅप इन्फोमधल्या तीन ठिपक्यांवर जाऊन ‘अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज’ दाबायला सांगत असेल, तर तिथंच थांबा.

समजा, तुम्ही विश्वासाचं एखादं व्हीपीएन ठेवलं. त्याच्या परवानग्या आता एकेक करून बघू. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, त्या अ‍ॅपचं नाव, परमिशन्स.

लोकेशन. व्हीपीएन चालायला लोकेशन लागत नाही, जवळचा सर्व्हर निवडायलाही नाही. तो आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवर तुमच्या कनेक्शनला मिळालेल्या क्रमांकावरून) कळतो. मग चांगली अ‍ॅपही का मागतात? कारण अँड्रॉइडवर तुम्ही कोणत्या वायफायला जोडलेले आहात त्याचं नाव वाचायचं असेल तर अ‍ॅपकडं लोकेशनची परवानगी असावी लागते. ‘घरच्या वायफायवर बंद राहा, अनोळखी वायफायवर आपोआप सुरू हो’ ही सोय त्या नावावर चालते. त्यातही अंदाजे लोकेशन दिलं तर नाव वाचता येत नाही, अचूकच लागतं, आणि स्क्रीन बंद असतानाही हे चालायचं असेल तर ‘ऑल द टाइम’ द्यावं लागतं. म्हणजे एका सोयीसाठी तुम्ही दिवसभराचा ठावठिकाणा देऊन बसता. त्यापेक्षा ती सोय सोडा, लोकेशन ‘डोन्ट अलाऊ’ करा आणि खाली सांगितलेलं ऑलवेज-ऑन वापरा. मग वायफायचं नाव कळायची गरजच उरत नाही. आणि हो, व्हीपीएननं जीपीएस बदलत नाही. सर्व्हर सिंगापूरचा निवडला तरी ज्या अ‍ॅपला लोकेशन दिलंय त्याला तुम्ही महाद्वार रोडवर आहात हे कळतंच.

नोटिफिकेशन. अँड्रॉइड १३ पासून ही वेगळी परवानगी आहे. सरसकट बंद करू नका, कारण कनेक्शन तुटल्याचं कळणार नाही. अ‍ॅपच्या नोटिफिकेशन प्रकारांत जाऊन कनेक्शनची सूचना चालू ठेवा आणि ऑफर, प्रमोशनवाल्या बंद करा.

कॅमेरा फक्त क्यूआर कोडवरून सेटिंग घ्यायचं असेल तेव्हा, तेही ‘ओन्ली धिस टाइम’. फाइलमधून सेटिंग घ्यायचं असेल तर फोनची स्वतःची फाइल निवडायची खिडकी उघडते, त्यासाठी स्टोरेजची परवानगी लागत नाही. मायक्रोफोन, एसएमएस, कॉल लॉग, कॉन्टॅक्ट्स, कॅलेंडर: नाही. फोन ही परवानगी पूर्वी आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा कायमचा ओळख क्रमांक) वाचायला वापरली जायची. अँड्रॉइड १० पासून साध्या अ‍ॅपना तो मिळत नाही, पण तुमचा एखादा जुना फोन अँड्रॉइड ९ किंवा त्याआधीचा असेल तर अजूनही मिळू शकतो. बंदच ठेवा.

काही अधिकार या यादीत येत नाहीत. सेटिंग्जमध्ये ‘स्पेशल अ‍ॅक्सेस’ शोधा आणि तिथं व्हीपीएन अ‍ॅपचं नाव कुठं कुठं आहे ते बघा. ‘डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स’, ‘युसेज डेटा अ‍ॅक्सेस’, ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’, ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ यांपैकी एकाचीही साध्या व्हीपीएनला गरज नसते. अ‍ॅक्सेसिबिलिटी मागत असेल तर परवानगी नाकारून भागणार नाही, अ‍ॅपच काढा. स्क्रीनवरचं वाचणं आणि तुमच्या वतीनं बटणं दाबणं या दोन्ही गोष्टी त्यातून होतात आणि बँकेचे पैसे पळवणारी अ‍ॅप याच वाटेनं काम करतात.

फोनमध्ये कोणकोणती अ‍ॅप आहेत त्याची पूर्ण यादी वाचण्याचा अधिकारही असाच अदृश्य आहे. तो चालू-बंद करायचं बटण बहुतेक फोनवर मिळत नाही. व्हीपीएनला त्याचं खरं कारण असतं: ‘हे अ‍ॅप व्हीपीएनमधून, ते बाहेरून’ असं निवडायला यादी दाखवावी लागते. पण तीच यादी जाहिरातवाल्यांनाही हवी असते. बंद करता येत नसल्यामुळे इथं पुन्हा प्रश्न अ‍ॅप कोणाचं यावरच येतो. प्ले स्टोअरवर ‘अबाउट धिस अ‍ॅप’मध्ये सगळ्यात खाली ‘अ‍ॅप परमिशन्स’ आहे, टाकायच्या आधी ते वाचा. तिथलाच ‘डेटा सेफ्टी’ हा भाग कंपनीनं स्वतः भरलेला असतो, त्याला एवढंच वजन द्या. जानेवारी २०२५ पासून गूगल काही व्हीपीएन अ‍ॅपना ‘व्हेरिफाइड’ खूण देतं. ती असणं बरं, पण ती अ‍ॅपच्या सुरक्षेच्या तपासणीबद्दल आहे. सर्व्हरवर कंपनी काय साठवते त्याची हमी त्यात नाही.

आणखी एक जागा लोक कधीच उघडत नाहीत: प्रमाणपत्रं. सेटिंग्जमध्ये ‘सर्टिफिकेट’ किंवा ‘क्रेडेन्शियल्स’ शोधा, ‘ट्रस्टेड’मधला ‘युजर’ हा टॅब बघा. तो रिकामा असायला हवा. ऑफिसनं टाकलेलं प्रमाणपत्र असेल तर त्याचं नाव आयटीला विचारून घ्या. वर सांगितलं की एन्क्रिप्ट झालेला मजकूर व्हीपीएनला दिसत नाही. परकं रूट प्रमाणपत्र (कोणत्या साइट खऱ्या मानायच्या हे फोनला सांगणारं) फोनमध्ये बसलं की ते गणित बिघडतं. अँड्रॉइड ७ पासून बहुतेक अ‍ॅप अशा प्रमाणपत्रावर विश्वास ठेवत नाहीत, ब्राउझर मात्र ठेवू शकतो. आयफोनवर जनरल, अबाउट, सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज इथं बघा.

आता ऑलवेज-ऑन. व्हीपीएनच्या त्याच पानावर नावाशेजारचं दातेरी चाक दाबा. दोन बटणं असतात, एक ‘ऑलवेज-ऑन व्हीपीएन’ आणि दुसरं ‘ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन’. पहिल्यानं फोन चालू झाला की व्हीपीएन आपोआप जोडलं जातं. दुसऱ्यानं व्हीपीएन तुटलं तर इंटरनेटच थांबतं, उघड्यावर काही जात नाही. पहिलं कोणीही वापरावं. दुसरं विचार करून लावा, कारण त्यातून नेहमीच्या तक्रारी तयार होतात. बँकेच्या अ‍ॅपचंच घ्या. अनेक बँका आणि यूपीआय अ‍ॅप व्हीपीएन चालू दिसलं की उघडत नाहीत, म्हणून लोक स्प्लिट टनेलिंगमध्ये (कोणतं अ‍ॅप व्हीपीएनमधून आणि कोणतं बाहेरून, हे निवडायच्या सोयीत) जाऊन बँकेचं अ‍ॅप व्हीपीएनच्या बाहेर काढतात. ते बरोबर आहे. पण ब्लॉकचं बटण चालू असेल तर व्हीपीएनबाहेरच्या अ‍ॅपला इंटरनेट मिळतच नाही आणि बँक ‘नेटवर्क नाही’ म्हणते. दोन्ही एकत्र चालत नाहीत, एक निवडा. दुकानात क्यूआर दाखवून दिवसभर पैसे घेणाऱ्यानं ब्लॉक लावू नये, असं मी सांगेन.

स्टेशनवर किंवा लॉजच्या वायफायवर ओटीपीचं पान उघडत नसेल तर कारण तेच. व्हीपीएन थोडा वेळ बंद करा, लॉगिन करा, परत जोडा. आणि फोनचा हॉटस्पॉट लॅपटॉपला दिला तर अँड्रॉइडवर लॅपटॉपची ये-जा फोनच्या व्हीपीएनमधून जात नाही. लॅपटॉपवर वेगळं व्हीपीएन लागतं.

स्क्रीन बंद केली की व्हीपीएन तुटत असेल तर बॅटरी सेटिंग त्याला झोपवतंय. सॅमसंगवर अ‍ॅपच्या बॅटरीत ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, शाओमीवर त्याबरोबर ‘ऑटोस्टार्ट’ही चालू करा. ही सवलत फक्त ठेवायच्या त्या एकाच अ‍ॅपला द्या.

सगळं झाल्यावर गळती तपासा. व्हीपीएन बंद ठेवून, वायफाय नव्हे तर मोबाइल डेटावर, आयपी दाखवणारी कोणतीही साइट उघडा आणि पत्ता लिहून घ्या. मग व्हीपीएन जोडून तेच पान पुन्हा उघडा. जुना पत्ता कुठंही दिसता कामा नये. आयपीव्ही६, म्हणजे आयपीच्या नव्या प्रकाराचा लांबलचक पत्ता मुद्दाम बघा. जिओसारखी नेटवर्क तो भरपूर वापरतात आणि निष्काळजीपणे बनवलेली अ‍ॅप फक्त आयपीव्ही४ हा जुना प्रकार झाकतात. २०१६ च्या त्याच तपासणीत ८४ टक्के अ‍ॅपमधून आयपीव्ही६ बाहेर गळत होतं. ब्लॉक लावलं असेल तर अ‍ॅप इन्फोमध्ये जाऊन व्हीपीएनला ‘फोर्स स्टॉप’ करा आणि लगेच ब्राउझरमध्ये एखादं नवीन पान उघडा. पान उघडलं तर ब्लॉक काम करत नाही.

पत्नीच्या आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट. तिथं नावाशेजारच्या ‘आय’वर दाबा. ‘कनेक्ट ऑन डिमांड’ चालू असेल तर व्हीपीएन कितीही वेळा बंद केलं तरी परत उठतं, म्हणून आधी ते बंद करा, मग ‘डिलीट व्हीपीएन’. त्याच पानावर अनोळखी प्रोफाइल (बाहेरून टाकलेला सेटिंग्जचा संच) दिसलं तर तेही काढा. सफारीतून टाकलेलं प्रोफाइल अ‍ॅप काढल्यावरही राहतं. ‘लोकल नेटवर्क’ नाकारा, ट्रॅकिंगला ‘आस्क अ‍ॅप नॉट टू ट्रॅक’ द्या. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये अगदी खाली ‘अ‍ॅप प्रायव्हसी रिपोर्ट’ चालू करून ठेवा, अ‍ॅप कोणत्या डोमेनशी बोलतं ते आठवडाभरात कळतं. अँड्रॉइडवर त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे प्रायव्हसी डॅशबोर्ड, पण तो लोकेशन, कॅमेरा, माइक यांसारख्या परवानग्या कोणी वापरल्या एवढंच सांगतो.

कायद्याचं एक वाक्य, कारण लोक विचारतात. भारतात व्हीपीएन वापरण्यावर सरसकट बंदी नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते, दिलेले आयपी अशी माहिती ५ वर्षं ठेवायची आहे. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले आपले सर्व्हर काढले. एखादं अ‍ॅप ‘कसलीच नोंद ठेवत नाही’ आणि ‘भारतात सर्व्हर आहेत’ हे दोन्ही एकाच पानावर सांगत असेल, तर ते सर्व्हर खरोखर कुठं आहेत हे विचारायला हवं.

फुकटातलं अ‍ॅप काढताना क्रम पाळा. आधी ऑलवेज-ऑन बंद, मग त्याच चाकातून ‘फर्गेट’ किंवा ‘डिलीट’. डिव्हाइस अ‍ॅडमिन दिलं असेल तर ते मागं घ्या, नाहीतर अनइन्स्टॉलचं बटणच दबत नाही. मग अनइन्स्टॉल आणि फोन एकदा बंद करून चालू. अ‍ॅप काढल्यानं वर्गणी थांबत नाही, म्हणून मुलानं ‘७ दिवस फ्री’ दाबलं असेल तर प्ले स्टोअरमध्ये पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स आणि आयफोनवर सेटिंग्जमधल्या नावाखाली सबस्क्रिप्शन्स बघा. यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपे यादीतही त्या नावाचं मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) उरलं नाही ना ते तपासा. अ‍ॅपमध्ये ईमेल देऊन खातं उघडलं असेल तर ते अनइन्स्टॉल करण्याआधीच आतून डिलीट करा. इतर कुठंही वापरलेला पासवर्ड तिथं दिला असेल तर तो सगळीकडं बदला.

एवढं करूनही बँकेचं अ‍ॅप उघडलं नाही तर व्हीपीएनचा दोष धरू नका. डेव्हलपर ऑप्शन्स चालू आहेत का, अ‍ॅक्सेसिबिलिटीत एखादं अनोळखी अ‍ॅप आहे का, फोनची तारीख-वेळ आपोआपवर आहे का, हे तीन आधी बघा.